न शोधलेले अशोकवन

लखनौच्या अलीगंजमध्ये ज्येष्ठातले मंगळवार 'बडा मंगल' म्हणून पाळतात. उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो, म्हणून त्यांचा ज्येष्ठ आपल्या पंचांगातल्या वैशाख वद्य पक्षातच सुरू होतो, आणि तेव्हा पारा चाळिशीच्या वर असतो. तिथल्या जुन्या हनुमान मंदिराच्या शिखरावर चंद्रकोर आहे. परंपरा या मंदिराचा संबंध अवधच्या नवाब घराण्यातल्या बेगमेशी सांगते. त्या दिवशी रस्तोरस्ती सरबताचे आणि पुरी-भाजीचे भंडारे लागतात आणि गाड्या पहिल्या गिअरमध्ये रांगत राहतात. इंजिनाच्या थंडाव्याची खरी परीक्षा अशाच दिवसांत होते. कूलंटची पातळी खालच्या खुणेच्याही खाली गेलेली असते, गाडीखाली मात्र एक थेंब नसतो. पुन्हा भरले तरी काही आठवड्यांनी तेच. मग गॅरेजमध्ये उत्तर मिळते की लीकेज कुठेच नाही, अधूनमधून पाणी टाकत राहा. हे उत्तर वरवर व्यावहारिक वाटते, पण त्यात ज्ञानाविषयीचा एक मोठा दावा दडलेला आहे: पाहिले, दिसले नाही, म्हणून नाही. हा दावा मला तर्काच्या दृष्टीने चुकीचा वाटतो, आणि धर्माच्या दृष्टीनेही.

भारतीय दर्शनांनी या प्रश्नावर शतकानुशतके वाद घातला आहे. सातव्या शतकातला मीमांसक कुमारिल भट्ट म्हणतो की अभावाचे ज्ञान अनुपलब्धी या स्वतंत्र प्रमाणाने होते. नैयायिक ते प्रत्यक्षातच बसवतात. पण एका अटीवर दोघेही ठाम आहेत: जी वस्तू तिथे असती तर दिसलीच असती, तिचेच न दिसणे हा तिच्या नसण्याचा पुरावा होतो. उजेडात, रिकाम्या जमिनीवर घडा दिसला नाही, तर घडा नाही असे म्हणता येते. अंधाऱ्या खोलीत तसे म्हणता येत नाही. बौद्ध आचार्य धर्मकीर्तीही हेच बजावतो: पिशाच्च मुळात दिसण्याजोगेच नसेल, तर ते दिसले नाही एवढ्यावरून त्याच्या नसण्याचा निर्णय होत नाही, फक्त संशय उरतो. ही तिन्ही घराणी एरवी एकमेकांच्या मुळावर उठलेली. ती या एका जागी जवळ येतात, यावरूनच अटीचे वजन कळावे.

आता बॉनेटखाली पाहू. थंड, बंद गाडीत कूलंटवर दाब नसतो. इंजिन तापले की साधारण एका वातावरणाइतका जादा दाब चढतो, आणि तेव्हाच वॉटर पंपाचे सील, होसची सैल क्लिप किंवा रेडिएटरची केसाएवढी चीर पाझरू लागते. पाझरलेले तापल्या धातूवर तिथेच सुकते. मागे पांढरट किंवा हिरवट डाग तेवढा राहतो. हेड गॅस्केट फुटले असेल तर कूलंट सिलिंडरमध्ये जाऊन वाफ होते आणि सायलेन्सरवाटे निघून जाते. काही डिझेल गाड्यांत एक्झॉस्टचा वायू थंड करणारा कूलर आतून गळतो, त्याचाही मार्ग तोच. हीटरची जाळी फुटली तर ओल डॅशबोर्डखालच्या गालिच्यात मुरते, काच आतून धुरकटते आणि गोडसर वास येतो. म्हणजे थंड गाडीखाली वाकून पाहणे हे अंधाऱ्या खोलीत घडा शोधणे आहे. कसबी मेकॅनिक आधी उजेड करतो. थंड इंजिनावर हातपंपाने झाकणावर लिहिलेल्या अंकाइतका दाब चढवतो आणि काटा खाली येतो का ते पाहत थांबतो. त्या झाकणाची स्प्रिंगही तपासतो, कारण ती कमकुवत झाली की कूलंट कमी दाबालाच उकळून बाहेर पडते. कूलंटमध्ये रंग मिसळून जंबुपार दिव्याखाली प्रत्येक सांधा पाहतो. रेडिएटरच्या तोंडाशी निळे रसायन धरतो. जळालेल्या वायूचा अंश मिळाला की ते पिवळे पडते. या प्रत्येक कृतीचा अर्थ एकच: न दिसणाऱ्याला दिसण्याजोगे करणे. हे केल्यावर दिसले नाही, तरच 'नाही' या शब्दाला किंमत येते.

चार्वाकाचा आक्षेप इथे येणारच. कूलंट घटले म्हणजे ते कुठून तरी बाहेर गेलेच पाहिजे, हा नियम तुम्ही सिद्ध कुठे केलात? शंभर गाड्यांत गळती सापडली म्हणून एकशे एकाव्यातही असेल, हे कशावरून? आक्षेप खोटा नाही. मीमांसक त्याला अर्थापत्तीने उत्तर देतात: देवदत्त जिवंत आहे आणि घरी नाही, तर तो बाहेर आहे असे मानल्यावाचून दोन्ही गोष्टी जुळत नाहीत. पण नीट पाहिले तर यातून तो 'बाहेर' आहे एवढेच कळते, कुठे आहे ते कळत नाही. शिवाय देवदत्त घरी होता, हे आधी पक्के असावे लागते. नव्याने भरलेल्या कूलंटमध्ये अडकलेली हवा सुटली की पातळी आपोआप उतरते. गरम इंजिनावर वाचलेली पातळी आणि सकाळी थंड असताना वाचलेली पातळी यांची तुलनाच चुकीची. म्हणून चार्वाकाला मी एवढेच म्हणेन की हा नियम त्रिकालाबाधित आहे असे सिद्ध करण्याची इथे गरजच नाही. तो पुढची तपासणी कोणती करायची हे सांगतो, आणि नियम चुकला तर ते त्याच तपासणीत उघड होते. नियम नाकारणाऱ्याकडे मात्र पुढची तपासणीच नसते.

श्रद्धावंताचा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. तो म्हणेल, प्रत्येक गोष्टीचे कारण हाताला लागलेच पाहिजे हा माणसाचा अहंकार आहे. काही दैवावर सोडावे, बंपरला लिंबू-मिरची बांधावी, मारुतीला नारळ फोडावा. नारळाला माझी हरकत नाही. पण ज्या मारुतीसमोर तो फोडायचा, त्याचे चरित्र काय सांगते? वाल्मीकींच्या सुंदरकांडात हनुमान रात्रभर लंका धुंडाळतो. रावणाचे अंतःपूर, पानशाळा, पुष्पक विमान, सारे पाहून होते. सीता सापडत नाही. ती आता जिवंतच नसावी, असे त्याच्या मनात येते. प्राणत्यागाचे विचारही येतात. त्याच्यापाशी थकवा होता, भक्ती होती, आणि 'दैवात नव्हते' म्हणण्याची पूर्ण मुभा होती. तरीही तो खेद झटकतो आणि आपण काय पाहिले नाही याचा हिशेब करतो. अशोकवन राहिलेले असते. सीता तिथेच असते. समर्थांनी गावोगावी ज्याची देवळे उभारली, त्या देवाची भक्ती शोध थांबवण्याचे निमित्त कशी होईल? दैवाचे नाव घ्यायचेच, तर सगळी अशोकवने पाहून झाल्यावर घ्यावे. आधी घेतले तर आपल्या कंटाळ्याचा भार आपण देवावर टाकतो.

शिवाय या कंटाळ्याची किंमत दुसराच चुकवतो. कूलंटमधले एथिलिन ग्लायकोल चवीला गोड आणि विषारी असते. कुठेतरी साचलेले रस्त्यावरचे कुत्रे चाटते आणि त्याचे मूत्रपिंड निकामी होते. नुसते नळाचे पाणी ओतत राहिले तर क्षार जमतात, गंज धरतो, उकळबिंदू उतरतो, आणि भर उन्हात कुटुंब रस्त्याकडेला अडकते. टॅक्सीवर पोट असलेल्याचे हेड वाकले की कित्येक दिवसांची कमाई जाते. पैशांअभावी तो मोठी तपासणी पुढे ढकलत असेल, तर ती त्याची अडचण आहे, तिला मी आळस म्हणणार नाही. पण टाकीवर पेनाने खूण करून रोज सकाळी थंड इंजिनावर पातळी पाहायला, ऑइलच्या काडीवर दुधाळ फेस आहे का ते तपासायला पैसे लागत नाहीत. आणि सर्व चाचण्या होऊनही काही हाती आले नाही, तर मेकॅनिकने 'लीकेज नाही' म्हणू नये. काय काय तपासले ते कागदावर लिहून द्यावे, आज पातळी कुठे आहे ते नोंदवावे आणि पाचशे किलोमीटरनंतर गाडी परत बोलवावी. गिऱ्हाइकानेही, एकही सुटा भाग बदललेला नसताना, त्या कागदाचे पैसे कुरकुर न करता द्यावेत.