उद्याचं चित्र काढणं ही तृष्णा आहे का?

एप्रिल लागला की नांदेडातल्या फ्लेक्सवाल्यांची सुगी सुरू होते. जयंतीच्या आठवड्यात प्रिंटिंगचं मशीन रात्रीही थांबत नाही. दहा बाय आठ, वीस बाय दहा. निळी पार्श्वभूमी, वर अशोकचक्र, बोट उंचावलेले बाबासाहेब, मागं संसद, खाली शुभेच्छुकांचे गोल गोल फोटो. फाइल बहुतेक तीच असते, मंडळाचं नाव तेवढं बदलतं.

यंदा मी एका मंडळाच्या पोरांना वेगळा नमुना करून दाखवला. साल 2056, धम्मदीक्षेची शताब्दी. दीक्षाभूमीच्या स्तूपासमोर आमच्याच वस्तीतली एक मुलगी उभी, अंगावर अंतराळवीराचा पोशाख आणि त्याला आजीच्या इरकल लुगड्याचे काठ. पोरं खूश झाली. पण विहारात नेमानं येणाऱ्या एका निवृत्त गुरुजींनी चष्मा कपाळावर चढवून स्क्रीनकडं पाहिलं अन् म्हणाले, "भाऊ, तथागतांनी तृष्णेला दुःखाचं मूळ सांगितलं. अन् तू इतक्या वर्षांपुढची स्वप्नं विकायलास व्हय?"

मी त्यांना लगेच उत्तर दिलं नाही. गुरुजींचा सवाल हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. गेलेल्यात अडकू नये, न आलेल्यामागं धावू नये, हे आम्ही धम्मदेसनेत ऐकतच वाढलो.

हा नमुना मला सुचला केनियातल्या एका माणसामुळं. ओस्बोर्न मचारिया हा मूळचा नैरोबीचा कलाकार. शिकायला गेला वास्तुशास्त्र आणि फोटोग्राफी शिकला स्वतःच्या स्वतः. आधी फोटो काढायचा, मग संगणकावर त्यातून एक जग उभं करायचं, ही त्याची रीत. त्याच्या एका मालिकेत नुसत्या आज्या आहेत. त्यानं रचलेली गोष्ट अशी की, 1970 च्या दशकात या बायका सरकारात आणि मोठ्या कंपन्यांत बड्या हुद्द्यांवर होत्या, आता निवृत्त होऊन ऐटीत आफ्रिकाभर फिरतायत. दुसऱ्या मालिकेत इंग्रजांशी लढलेल्या माउ माउ सैनिकांची एक काल्पनिक तुकडी आहे, त्यांच्या डोळ्यांवर अजब बनावटीचे चष्मे. 2018 साली 'ब्लॅक पँथर' सिनेमा आला, त्या निमित्तानंही त्यानं चित्रं केली.

त्या आज्या पाहून मला माझं टेबल आठवलं. श्रद्धांजलीचा फ्लेक्स करायचा असला की घरचे म्हातारीचा जो काही एकुलता फोटो असेल तो घेऊन येतात. रेशनकार्डावरचा नाही तर कुणाच्या लग्नातल्या गर्दीतला. मी तो फोटोशॉपमध्ये मोठा करत नेतो, पेन टूलनं पदराच्या कडेकडेनं चेहरा कापून काढतो. कानाजवळचे विरळ केस फार छळतात, ते पार्श्वभूमीत मिसळून गेलेले असतात. मग तो चेहरा तयार पीएनजीतल्या नव्या साडीवर बसवतो. मेल्यावर आम्ही आजीला नवी साडी नेसवतो. मचारियानं जित्या आज्यांना अख्खं आयुष्य नेसवलं.

या कलेला अ‍ॅफ्रोफ्युचरिझम म्हणतात. मार्क डेरी या अमेरिकी समीक्षकानं 1993 मध्ये हे नाव दिलं आणि सवाल केला की, ज्यांचा भूतकाळच मुद्दाम पुसून टाकला, त्यांनी भविष्याची कल्पना करावी तरी कशी? नाव नंतर आलं, काम जुनं आहे. स्वतःला शनी ग्रहावरचा म्हणवणाऱ्या सन रा या संगीतकाराचा सिनेमा 1974 चा. डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस या काळ्या अमेरिकी विचारवंतानं तर 1920 मध्येच एक कथा लिहिली. धूमकेतूमुळं न्यूयॉर्क मरून पडतं, आणि उरतात एक काळा पुरुष अन् एक गोरी बाई. याच ड्यू बॉइसना बाबासाहेबांनी 1946 मध्ये पत्र पाठवलं होतं.

म्हणजे हा परका वारा नाही. जोतीरावांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना. 1972 मध्ये दलित पँथरनं नाव घेतलं तेही तिकडूनच. आणि आमच्या भागापुरतं बोलायचं तर 'अमेरिकन निग्रो : साहित्य आणि संस्कृती' हे पुस्तक लिहिणारे डॉ. जनार्दन वाघमारे लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य होते, पुढं नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले.

आता गुरुजींचा सवाल. उद्यावर आमचा हक्क नाही, हे आम्हाला शतकानुशतकं कशाच्या जोरावर सांगितलं गेलं? कर्मविपाकाच्या. मागच्या जन्मी पाप केलंस म्हणून या जन्मी हे काम. गुमान कर, म्हणजे पुढचा जन्म बरा मिळेल. यात मागचंही ठरलेलं आणि पुढचंही. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये हीच गाठ सोडवली. आत्मा नाही, मागल्या जन्माचं कर्म या जन्मी कुणाच्या मानगुटीवर बसत नाही, हे त्यांनी ठासून मांडलं. मग उरतं काय? इथलं, याच जमिनीवरचं भविष्य, जे मी नसताना दुसरं कुणीतरी जगणार आहे. माझा त्यात वाटा नाही, तर त्याची हाव मी कशी धरणार?

याच ग्रंथात बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाची नेहमीची कथा बाजूला सारली. म्हातारा, आजारी आणि मेलेला माणूस पाहून नव्हे, तर रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात युद्ध पेटणार होतं, त्याला विरोध करून सिद्धार्थानं घर सोडलं, असं त्यांनी लिहिलं. म्हणजे धम्माची वाट पाण्याच्या भांडणातून निघाली. वानुरी काहिऊ या केनियन दिग्दर्शिकेचा 'पुम्झी' हा 2009 चा लघुपट पाहताना मला हेच आठवत राहिलं. त्यात पाण्यासाठी झालेल्या महायुद्धानंतरचं जग आहे. माणसं बंद वसाहतीत राहतात, घामसुद्धा गाळून परत पितात. आशा नावाच्या बाईला झाडाचं स्वप्न पडतं, तर तिला स्वप्न दाबणारी गोळी घ्यायला सांगतात. ती गोळी आमच्या ओळखीची आहे.

लातूरकराला हा सिनेमा समजावून सांगावा लागत नाही. 2016 च्या एप्रिलात मांजरा धरण कोरडं पडलं होतं, पाण्याच्या ठिकाणांवर जमावबंदी लागली होती. 12 एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. दोनच दिवसांनी बाबासाहेबांची 125 वी जयंती होती. चवदार तळ्याची ओंजळ हातात घेतलेल्या बाबासाहेबांचे फ्लेक्स तेव्हा कोरड्या नळांच्या वर लटकत होते. चित्रात पाणी होतं. ते नळाला का नाही, हे मात्र एकाही फ्लेक्सवर लिहिलेलं नव्हतं.

चित्रानं पोट भरत नाही, असं कुणी म्हणेल. मराठवाड्यात तरी तसं म्हणू नये. इथं मराठवाडा विद्यापीठाच्या पाटीवर बाबासाहेबांचं नाव लागावं यासाठी 1978 मध्ये टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळेंचा जीव घेतला गेला, 1993 मध्ये नांदेडात गौतम वाघमारेंनी स्वतःला पेटवून घेतलं. पाटीवर नाव लागलं ते 14 जानेवारी 1994 ला.

या कलेतलं सगळंच घ्यावं असंही नाही. 'ब्लॅक पँथर'मधलं वाकांडा हे काल्पनिक राष्ट्र राजाचं आहे, गादी वंशानं चालते. आम्हाला गादी नको. राजकारणातली भक्ती अधोगतीकडं नेते, हे बाबासाहेबांनी 25 नोव्हेंबर 1949 ला संविधान सभेत सांगितलं. आम्ही मात्र त्यांचंच बोट एवढं मोठं छापतो की त्या बोटाच्या दिशेला काय आहे ते दिसत नाही. गोव्यात राहून काम करणाऱ्या चित्रकार ओशीन शिवा मला म्हणून जवळच्या वाटतात. आपला दलित आणि तमिळ वारसा घेऊन त्या उद्याची दुनिया चितारतात, आणि तिच्यात राजापेक्षा बायकांची ताकद ठळक दिसते.

पुढं विहारात भेट झाली तेव्हा गुरुजींना मी एवढंच म्हणालो, "गुरुजी, हे असल्यानं ते होतं, हा तर आपलाच प्रतीत्यसमुत्पाद. नुसतं फळ दाखवणारं चित्र तृष्णेचं, ते तुमचं मान्य. पण फळाबरोबर कारणही दाखवणारं चित्र धम्माचंच काम करतं." ते म्हणाले, "मग कारण दाखव की. तुझ्या त्या फ्लेक्सवर कुठंय?" गुरुजींचा हा मुद्दा मी घेतला आहे.

म्हणून मंडळांना विनंती. वर्गणीतून एक फ्लेक्स असा लावा, ज्यावर एकाही पुढाऱ्याचा फोटो नसेल. वस्तीतली पोरं-पोरी 2056 मध्ये काय करत असतील ते त्यांनाच सांगू द्या. आणि त्याच्या खाली मोठ्या अक्षरांत लिहा, त्यासाठी आज काय पाहिजे: रोजचं पाणी, अभ्यासिका, वसतिगृहात जागा, वेळेवर शिष्यवृत्ती.