मार्फत

कोलकात्याच्या बेहालात मी तीन वर्षं भाड्याने राहिले. डायमंड हार्बर रोडवर तेव्हा मेट्रोचे नुसते खांब उभे होते. गाडी सुरू व्हायला अजून अवकाश होता. आत पर्णश्रीच्या बाजूला वळलं की जुनी दुमजली घरं लागत आणि दर दोन-चार घरांमागे एक पाडलेलं. पाडणाऱ्याला तिकडे ‘प्रोमोटर’ म्हणतात, आपल्या पागडीला ‘सेलामी’, आणि भाऊबंदकीला ‘शरिकी’. शरीक म्हणजे वाटेकरी. दोन्ही भाषांनी घरातल्या भांडणाला नाव देताना वाटा मागणाऱ्यांचाच विचार केला. त्या घरात नुसत्याच राहणाऱ्या बाईचा त्यात कुठे पत्ता नाही.

माझ्या वरच्या मजल्यावर असंच एक कुटुंब होतं. म्हातारी आई, तिला आम्ही सगळे माशीमा म्हणत असू. थोरला मुलगा, त्याची बायको, त्यांचं लहान मूल. आणि लग्न न केलेली मुलगी, जी संध्याकाळी दहा-बारा पोरांना गणित शिकवायची. गल्लीत तिचं नाव दिदिमोनी. तीन खोल्या, एक स्वयंपाकघर, भाडं जुन्या काळचं, आठशे रुपये. एकदा घरमालकाच्या माणसाने वरची पावती चुकून माझ्या दारात सरकवली, तेव्हा ती नीट पाहिली. भाडेकरू म्हणून माशीमाच्या यजमानांचं नाव. ते जाऊन चार वर्षं झाली होती. बंगालीत मृताच्या नावाआधी चंद्रबिंदू काढतात, आपण ‘कै.’ लिहितो तसं. पावतीवर चंद्रबिंदू नव्हता. घरमालकाच्या लेखी ते जिवंत होते, कारण भाडेकरू गेला असं लिहिलं की पुढचा भाडेकरू कोण, हा प्रश्न येतो. खालच्या ओळीत लिहिलं होतं ‘मारफत’, आणि पुढे थोरल्या मुलाचं नाव.

हा थोरला आईवर आणि बहिणीवर हात टाकायचा. एका पावसाळ्यात दोघी अलिपूरच्या कोर्टात गेल्या आणि हुकूम घेऊन आल्या: त्याने मारहाण करायची नाही आणि घरात पाऊल टाकायचं नाही. तो ठाकुरपुकूरला मित्राकडे राहायला गेला. त्याची बायको, म्हणजे बौदी, आणि मूल मागच्या खोलीतच राहिले. पुढच्या महिन्याच्या पाच तारखेला भाडं न्यायला माणूस आला, तेव्हा दिदिमोनीने पैसे पुढे केले आणि जोडीला हुकमाची प्रत दाखवली. त्याने ती वाचली, परत दिली आणि म्हणाला, “हा तुमच्या घरातला मामला झाला. आमचा भाडेकरू कोण, ते यात कुठे लिहिलंय?”

मला तेव्हा त्याचा राग आला होता. पुढे बरंच वाचल्यावर लक्षात आलं की त्याने नेमक्या जागी बोट ठेवलं होतं.

मारणाऱ्याला घराबाहेर काढावं, ही कल्पना आज साधी वाटते. पण शतकानुशतकं उलट रीत होती: मार खाणारीने निघून जावं. माहेरी, काशीला, पंढरपूरला, विहिरीकडे. घर ज्याच्या नावावर त्याला कोण काढणार? ही रीत उलटी व्हायला मधे एक प्रश्न बदलावा लागला. ‘घर कोणाचं?’ याऐवजी ‘घरात राहतं कोण?’ असं विचारायला कायदा शिकला, आणि त्याला दीडशे वर्षं लागली.

सुरुवात योगायोगाने कलकत्त्यातच सापडते. मंगला देवी विरुद्ध दीनानाथ बोस या खटल्यात 1869 साली तिथल्या उच्च न्यायालयाने म्हटलं की वारसाने राहतं घर विकलं, तरी विकत घेणाऱ्याला त्या घरातल्या विधवेला सरळ रस्त्यावर काढता येणार नाही. आधी तिची दुसरीकडे योग्य सोय झाली पाहिजे. बंगालात तेव्हा दायभाग चालत असे. बापाच्या हयातीत मुलाचा जन्माने हक्क नसे आणि मुलगा नसलेल्या विधवेला वारसाही मिळे. आपल्याकडच्या मिताक्षरेत मुलगा जन्मतःच वाटेकरी. पण दोन्हीकडे राहत्या घरातल्या कोपऱ्यावर विधवेचा दावा मानलेला होता. त्याची अट एवढीच, की तो नवऱ्याच्या मार्फत यायचा. ती कोणाची तरी होती, म्हणून घरात होती.

इंग्लंडमध्ये हाच पेच भाड्याच्या आणि कर्जाच्या घरांवरून उभा राहिला. नवरा सोडून गेला, घर त्याच्या नावावर. मागे राहिलेल्या बायकोचं काय? लॉर्ड डेनिंग यांनी 1952मध्ये तिला घरात राहण्याचा न्यायबुद्धीचा हक्क आहे असा निकाल दिला. 1965मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने तो मोडीत काढला: असा हक्क तिऱ्हाइताला बांधत नाही. मग 1967मध्ये संसदेलाच कायदा करावा लागला. खरी उलथापालथ 1978ची. लंडनच्या हॅकनी भागात नगरपालिकेचा एक भाड्याचा फ्लॅट, त्यात एकत्र राहणारं, लग्न न केलेलं जोडपं, भाडेकरार दोघांच्या नावावर. मारणाऱ्या पुरुषाचं नाव करारावर असलं, तरी कोर्ट त्याला बाहेर ठेवू शकतं, असं त्या खटल्यात ठरलं. मालमत्तेचा हक्क आणि अंगाची सुरक्षितता यांच्यात दुसरीला पुढचा पाट मिळाला. 1997पासून ऑस्ट्रियात तर पोलिसच मारणाऱ्याला घरातून काढू लागले.

आपल्याकडे मात्र नुसत्या राहण्याला किंमत देणारं पहिलं पाऊल बाईसाठी पडलेलं नव्हतं. ते भाडेकरूसाठी पडलं. 1947च्या मुंबई भाडे कायद्याने सांगितलं की भाडेकरू मेला, तर त्याच्यासोबत राहणारा कुटुंबीय भाडेकरू होईल. गावाकडचा वारस नव्हे, सोबत राहणारा. गिरगाव-परळच्या चाळीत खोली कोणाकडे जाणार हे सातबाऱ्यावरून ठरायचं नाही. चूल कोण पेटवतं हे पाहिलं जायचं. 1999च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यातही हाच धागा आहे. ‘घरात राहतं कोण?’ हा प्रश्न कौटुंबिक कायद्याने विचारण्याच्या खूप आधी चाळीने विचारला होता.

कौटुंबिक कायदा मागून आला, तोही अडखळत. 1956च्या हिंदू वारसा कायद्यात कलम 23 होतं: मुलीला वडिलांच्या राहत्या घरात वाटणी मागता येणार नाही, भावांनी मागितली तरच. राहता येईल, पण ती अविवाहित, विधवा, टाकलेली किंवा नवऱ्यापासून वेगळी झालेली असली तर. म्हणजे पुन्हा मार्फतच. या वेळी नसलेल्या नवऱ्याच्या मार्फत. हे कलम 9 सप्टेंबर 2005 रोजी रद्द झालं. चारच दिवसांनी, 13 सप्टेंबरला, कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणाऱ्या कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली. तो 26 ऑक्टोबर 2006पासून लागू झाला.

या कायद्याने ‘सामायिक घर’ हा शब्द आणला आणि त्याच्या व्याख्येत मालकीच्या शेजारी भाडं बसवलं. घर दोघांच्या नावावर असो, एकाच्या असो, विकतचं असो की भाड्याचं. बाई तिथे कौटुंबिक नात्याने राहते किंवा राहिली असेल, तर कलम 17 प्रमाणे तिला राहण्याचा हक्क, तिचा त्यात मालकीचा वाटा असो वा नसो. कलम 18 प्रमाणे संरक्षणाचा हुकूम. कलम 19 प्रमाणे निवासाचा: मारणाऱ्याला बाहेर काढणं, त्याला आत येऊ न देणं. संरक्षणाचा हुकूम मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि हे फक्त नवरा-बायकोपुरतं नाही. रक्ताच्या नात्याला, म्हणजे आईला आणि बहिणीलाही.

कागदावर शब्द आला, तरी न्यायालयांच्या मनातून ‘घर कोणाचं?’ लगेच गेलं नाही. कायदा लागू होऊन दोन महिने होत नाहीत तोच, डिसेंबर 2006मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने बात्रा खटल्यात ठरवलं की सासूच्या नावावरचं घर सुनेसाठी सामायिक घर नव्हे. व्याख्या ढिसाळ आहे आणि शब्दशः घेतली तर गोंधळ माजेल, असंही म्हटलं. चौदा वर्षं हा निकाल सुनांच्या आडवा आला. ऑक्टोबर 2020मध्ये आहुजा खटल्यात तीन न्यायाधीशांच्या पीठाने तो बाजूला सारला: घर सासऱ्याचं असलं तरी सून तिथे कुटुंब म्हणून राहत असेल, तर ते सामायिक घर ठरू शकतं.

मधल्या काळात 2016 साली हरसोरा खटला झाला. मुंबईतल्या एका आईने आणि मुलीने मुलाविरुद्ध, त्याच्या बायकोविरुद्ध आणि कुटुंबातल्या आणखी दोन बायकांविरुद्ध तक्रार केली होती. कायद्यात विरुद्ध पक्ष ‘प्रौढ पुरुष’च असावा अशी अट होती. सर्वोच्च न्यायालयाने ते शब्दच काढून टाकले, कारण घरातल्या बायकांना पुढे करून हुकूम सहज निष्फळ करता येतो. तरी कलम 19 मधली एक अट शाबूत राहिली: बाईला घराबाहेर काढण्याचा हुकूम देता येत नाही. बेहालात बौदी मागच्या खोलीत राहिली, ती यामुळे. तिचाही त्याच घरावर तोच हक्क आहे. हुकमानंतर कित्येक आठवडे त्या तिघी एकाच गॅसवर, वेगवेगळ्या वेळी, न बोलता स्वयंपाक करत होत्या.

हक्कावर हक्क चढला की काय होतं, हे ज्येष्ठ नागरिकांच्या 2007च्या कायद्याने दाखवलं. त्याच्या आधाराने आईबाप मुला-सुनेला घराबाहेर काढू लागले. जुलै 2021मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने नदिया जिल्ह्यातल्या एका वृद्धाच्या अर्जावर सांगितलं की मुलगा आणि सून आईबापांच्या घरात फार तर त्यांच्या परवानगीने राहतात. त्याआधी डिसेंबर 2020मध्ये, बंगळुरूच्या एका सुनेच्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने बजावलं होतं की ज्येष्ठांच्या कायद्याची झटपट वाट वापरून सुनेचा निवासाचा हक्क पुसता येणार नाही. दोन्ही कायदे एकमेकांना सांभाळून वाचायचे. यातून सुटतो तो तरुण पुरुष: जसा भावाचा मार खाणारा भाऊ. त्याला मनाई हुकमासाठी दिवाणी कोर्टातच उभं राहावं लागतं.

एवढं सगळं झालं ते घराच्या आतल्या माणसांमध्ये. भाड्याच्या घराला मात्र बाहेरचा एक माणूस असतो. कलम 17 म्हणतं, बाईला विरुद्ध पक्षाने घराबाहेर काढायचं नाही. घरमालक विरुद्ध पक्ष नसतो. 2005च्याच फेब्रुवारीत, बंगळुरूच्या एका भाड्याच्या घराबाबत, सर्वोच्च न्यायालयाने एक पाऊल टाकलं: नवरा भाडेकरू असून सोडून गेला आणि खटला लढत नसेल, तर घरात राहणारी बायको घरमालकाविरुद्ध उभी राहू शकते, भाडं भरत राहण्याच्या अटीवर. घटस्फोट झाला तर ही वाट साधारणपणे बंद. पुन्हा मार्फत.

इथेच मला दोन कायदे एकमेकांना ओलांडून उलट दिशांना गेलेले दिसतात. कौटुंबिक कायदा राहण्याच्या बाजूला येत होता, तेव्हा भाडेकायदा तिथून मागे सरकत होता. पश्चिम बंगालचा 1997चा कायदा 2001मध्ये लागू झाला. भाडेकरू मेल्यावर सोबत राहणाऱ्या, त्याच्यावर अवलंबून असलेल्या मुलामुलींना तो फक्त पाच वर्षं देतो. पाच वर्षांची ही मुदत एकाच व्यक्तीला लागू नाही: मृताच्या जोडीदाराला, ती त्याच्यावर अवलंबून असेल आणि तिला दुसरं घर नसेल तर. आणि कोलकात्यात राहत्या घराचं महिना साडेसहा हजारांवर भाडं असेल, तर हा कायदाच लागू होत नाही. अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्या आजच्या बहुतेक कुटुंबांना सामायिक घराचा हक्क आहे, पण बारावा महिना नाही.

मारणारा हे ओळखून असतो. थोरल्याने उंबरा ओलांडला नाही. हुकूम अक्षरशः पाळला. तो घरमालकाकडे गेला आणि प्रोमोटरकडून काही रक्कम मिळणार असेल, तर जागा सोडल्याचं लिहून द्यायला तयार झाला. हे थोपवण्याची सोयसुद्धा त्याच कलम 19 मध्ये आहे. दंडाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय त्याने घरावरचा आपला हक्क सोडायचा नाही, असा हुकूम देता येतो. त्याने भाडं भरत राहावं, असाही देता येतो. दिदिमोनीच्या हुकमात यातलं काही नव्हतं, कारण कोणी मागितलंच नव्हतं. अर्जात मारहाणीची चार पानं होती आणि भाड्याची एकही ओळ नव्हती. अशा अर्जांमध्ये मार नीट सांगितलेला असतो. घर मालकीचं असल्यासारखं गृहीत धरलेलं असतं. माणसाला रोखणारा हुकूम भाड्याच्या घरात अर्धाच असतो. उरलेला अर्धा पावतीवर लिहावा लागतो.

वकिलाने नवा अर्ज केला, दोन ओळींची भर पडली. घरमालकालाही नोटीस गेली आणि प्रोमोटर तूर्त मागे हटला. त्या महिन्यात भाडं न्यायला आलेल्या माणसाने काही न बोलता पावती फाडली. दिदिमोनी ती मला दाखवायला खाली आली. भाडेकरूच्या ओळीत वडिलांचं नाव तसंच होतं, चंद्रबिंदूशिवाय. खाली ‘मारफत’, आणि पुढे, पहिल्यांदाच, तिचं नाव. ती खूश होती. मी वडील वारल्याची तारीख विचारली आणि मनात वजाबाकी केली. कायद्याने तिला दिलेल्या पाच वर्षांतले सात महिने उरले होते.

ज्यांना ही मुदत लागू नव्हती, त्या माशीमा वर तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांचं नाव पावतीवर कुठेच नव्हतं.