अर्ज आणि आसन

डॉक्टरने राजकारणात पडावे, याचे सोलापूरला नवल नाही. १९३० च्या चळवळीतले डॉ. कृष्णाजी भीमराव अंत्रोळीकर यांची ओळख शुक्रवार पेठेतल्या जुन्या माणसांना करून द्यावी लागत नाही. पण नाडी सोडून सभेत उभा राहिलेला डॉक्टर घराच्या आत उभा आहे की दारात, यावर पुढचे बरेच ठरते. एकोणिसाव्या शतकातले दोन डॉक्टर शेजारी ठेवून पाहा. दोघेही मूळचे गोव्याचे.

डॉ. भाऊ दाजी लाड मांद्र्याचे. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतून १८५१ मध्ये बाहेर पडले आणि पुढच्याच वर्षी बॉम्बे असोसिएशनचे एक चिटणीस झाले. कंपनीच्या सनदेचा प्रश्न लंडनला निघणार होता, म्हणून असोसिएशनने पार्लमेंटला अर्ज धाडला. अर्ज वाचायचा की बासनात बांधायचा, हे वाचणाऱ्याने ठरवायचे.

डॉ. फ्रान्सिस्को लुईस गोम्स सासष्टीतल्या नावेलीचे, जन्म १८२९. गोव्यातच वैद्यकी शिकले, लष्करात शल्यवैद्य झाले. १८६० मध्ये गोव्याच्या मतदारांनी त्यांना लिस्बनच्या संसदेत पाठवले. होय, निवडून. १८२२ पासून गोव्याला ही वाट मोकळी झाली होती, मध्ये खंड पडले तरी. मतदार अर्थातच मोजके, ऐपतीचे. कुळंब्याला कोण विचारतो! तरीही १८६१ च्या आरंभी हा वैद्य सभागृहात पोचला आणि वसाहतींना प्रतिनिधी कशाला, असा सूर तिथे निघाला तेव्हा त्याने समोरासमोर, बरोबरीच्या नात्याने उत्तर दिले. त्याच वर्षी त्यांनी इंग्लंडच्या कापसाच्या अडचणीवर फ्रेंचमध्ये पुस्तक लिहिले. कापूस म्हटल्यावर सोलापूरकराचे कान टवकारणारच. आपल्याकडे आगगाडी आली १८६० मध्ये, अमेरिकेतल्या युद्धाने कापसाचे भाव चढले त्यानंतर, आणि जुनी मिल १८७७ ची.

आता आसनाची दुसरी बाजू. आत बसलेल्याला त्या घराच्या रीतीने बोलावे लागते. गोम्स हक्क मागत ते पोर्तुगालचा नागरिक म्हणून. त्यांची १८६६ ची ‘उश ब्राह्मणिश’ ही कादंबरी जातिभेदावर आणि परक्या सत्तेच्या जुलमावर तुटून पडते. पण ती सत्ता इंग्रजांची. फ्रेंच कवी लामार्तीनला लिहिलेल्या पत्रात त्यांनी हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याची आस बोलून दाखवली होती, तेव्हा माणूस भित्रा नव्हता. खुर्चीच तशी होती. शेजारच्या घराचा रोग तिच्यावरून स्पष्ट दिसे, आपल्या घराचे नाव घेताना मात्र पथ्य आडवे येई. १८६९ मध्ये, चाळिशीत, गोव्याकडे परतताना भूमध्य समुद्रात जहाजावरच त्यांचा अंत झाला. त्याच वर्षी भाऊ दाजी मुंबईचे शेरीफ होते.

दारात ताटकळणाऱ्यांचे काय झाले? अर्जांना वाटाण्याच्या अक्षता मिळत गेल्या, तसे अर्जदार एकमेकांना भेटू लागले. १८८५ ला काँग्रेस उभी राहिली, आणि पुढे अर्ज लिहिणाऱ्यांच्या नातवंडांनी अर्ज लिहिणेच सोडले. १९३० च्या मे महिन्यात सोलापूरवर लष्करी कायदा लादावा लागला, इतकी मजल गेली. त्याच साली जुलैत पोर्तुगालच्या सालाझारने वसाहत कायदा आणून गोवेकरांची बरोबरी एका फटक्यात काढून घेतली. लुईस द मिनेझिस ब्रागांझांनी गोव्याच्या कौन्सिलात बाणेदारपणे विरोध केला. पण पिढ्यानपिढ्या खुर्चीवर विसंबलेल्या समाजामागे चळवळीची सवय कुठून असणार? हुकूमशाहीचा वरवंटा होताच, तो विसरून चालणार नाही. तरी माझ्या मते गोव्याच्या पुढाऱ्यांना त्या आसनाची किंमतही मोजावी लागली.

अर्ज करणारा मुलूख १९४७ मध्ये मोकळा झाला. आसन मिळालेला गोवा १९ डिसेंबर १९६१ ला, आणि तोही भारतीय सैन्य आत शिरल्यावर.