रिकामा मचवा आणि धुतलेली जाळी
(नववर्षाचा उपदेश. वाचावयाचा भाग : लूक ५:१-११)

वर्षअखेरच्या रात्री मंडळीत उपकारस्तुतीची भक्ती झाली, आणि रिवाजाप्रमाणे ज्याने त्याने उठून गेल्या वर्षी देवाने आपणांस काय दिले ते सांगितले. कोणाच्या विहिरीस पाणी लागले, कोणाची मुलगी परिचारिका झाली, कोणी मोठ्या दुखण्यातून उठला. मागल्या रांगेत एक तरुण बसला होता. तो मात्र उठला नाही. दोन वर्षे तो काम शोधीत आहे. त्याने पदवी घेतली, पोलीस भरतीत धावला, परीक्षा दिल्या, तालुक्याच्या गावी दुकानोदुकानी विचारणा केली. आशीर्वाद होण्यापूर्वीच तो बाहेर पडला. दाराशी आम्ही काय विचारणार हे त्यास ठाऊक होते. 'लागली का कोठे?' हा प्रश्न आम्ही त्यास दर आदितवारी विचारीत आलो. आमच्या मनात माया होती. परंतु त्यास तो सावकाराच्या तगाद्यासारखा वाटत असला पाहिजे, हे आम्हांस त्या रात्री उमगले, आणि लाज वाटली.

ह्या तरुणासाठी व त्याच्यासारख्या पुष्कळांसाठी आम्ही गनेसरेत सरोवराच्या काठचा तो प्रसंग पुढे ठेवितो. शिमोन व त्याचे सोबती रात्रभर राबले आणि त्यांस एकही मासा मिळाला नाही. ते आळशी नव्हते, अडाणी नव्हते. ते सरोवर त्यांच्या बापजाद्यांचे होते. तरी मचवा रिकामा आला. सबब रिकाम्या मचव्यावरून मनुष्याची योग्यता ठरवू नये, ही गोष्ट घरोघरच्या वडील माणसांनी आधी ध्यानात घ्यावी. मुलाने अर्ज केला आणि जागा दुसऱ्यास मिळाली, तर त्यात पाप काय घडले? जेथे थोड्या जागांसाठी हजारो उमेदवार उभे राहतात, तेथे बहुतेकांनी रिकाम्या हाताने परतावे हे ठरलेलेच आहे.

आता पाहा, प्रभू आला तेव्हा ते लोक काय करीत होते? ते जाळी धूत होते. जायकवाडीच्या जलाशयाच्या काठी ज्यांनी मासेमारांस पाहिले आहे त्यांस हे काम ठाऊक आहे. मासे मिळोत वा न मिळोत, जाळ्यास शेवाळ, काटक्या, चिखल लागतोच. तो तसाच राहू दिला तर जाळे कुजते, आणि फाटलेले घर नजरेस पडत नाही. ज्या रात्री काही मिळत नाही त्या रात्रीनंतर जाळे धुणे फार जड जाते. मन म्हणते, कशास धुवायचे? परंतु शिमोनाने जाळे काठावर फेकून दिले असते, तर प्रभूच्या शब्दावरून त्याने पाण्यात काय सोडले असते?

नववर्षी जाळे धुणे म्हणजे काय ते आम्ही उघड सांगतो, कारण उपदेशात हवेतल्या गोष्टी पुष्कळ झाल्या. गेल्या वर्षीचाच अर्ज नुसती तारीख बदलून पुन्हा पाठवू नये. तो काढून वाचावा. नवे काही शिकला असाल ते त्यात घालावे. शाळा सोडल्याचा दाखला, आधार, पदवीपत्रक ही शेजारी शेजारी मांडून नावे ताडून पाहावी. आपल्या लोकांत हे छिद्र फार आढळते : बाप्तिस्म्याच्या वेळी एक नाव, शाळेत गुरुजींनी लिहिले दुसरे, आणि बापाचे नाव तिसऱ्याच कागदावर निराळे. निवड झाल्यावर कागद तपासताना ही गोष्ट निघते आणि हातातला मासा निसटतो. राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घेता येतो. ते आताच करावे. जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारचे रोजगार मार्गदर्शन केंद्र असते. तेथील नोंद जुनी झाली असल्यास ताजी करावी. आणि जो कोणी पैसे घेऊन नोकरी लावून देतो म्हणतो त्याच्या दारी जाऊ नये. त्याच्यापायी शेळ्या व बायकोचे डाग विकलेली कुटुंबे आम्ही पाहिली आहेत.

मग खोल पाण्याची गोष्ट. कित्येकांचे जाळे वर्षानुवर्षे एकाच ठिकाणी पडते : सरकारी जागा, नाहीतर काही नाही. वयोमर्यादा मात्र कोणासाठी थांबत नाही. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्यान्वये कारखान्यात विद्यावेतन घेऊन काम शिकता येते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत तारतंत्री, जोडारी शिकविली जाते. पदवीधराने हातात पान्हा धरणे हलके, असे मानणाऱ्यांनी पौल तंबू शिवीत असे हे विसरू नये.

ह्या प्रसंगात एक गोष्ट आम्हां पाळक व उपदेशक मंडळींस टोचणारी आहे. प्रभूने शिमोनाचा रिकामा मचवा मागून घेतला व त्यात बसून लोकांस शिकविले. आम्हीही असेच करितो. बेकार तरुण दिसला की त्यास मांडव घालावयास लावितो, तबला वाजवावयास बसवितो, आमची पत्रे टंकून घेतो, नाताळात दहा दिवस राबवितो. मचवा आम्हांस फार आवडतो! परंतु प्रभू बोलणे संपताच उठून गेला नाही. तो जाळ्याकडे वळला. ज्याचा मचवा घेतला त्याच्या पोटाची त्याने विचारपूस केली. आम्ही किती वेळा केली?

रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९३ साली नागपुराहून राजनांदगावास आगगाडीने चालले होते ते नोकरीच्या शोधात. त्याच प्रवासात एका पाश्चात्त्य सहप्रवाशाने त्यांस नवा करार दिला, आणि १८९५ त मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. बेकारी ही देवाची देणगी आहे असे ह्यावरून कोणी काढू नये. टिळकांच्या वणवणीचा भार लक्ष्मीबाईंनी किती सोसला हे 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्यांस ठाऊक आहे. आम्हांस इतकेच दिसते की तो डबा ओसाड नव्हता. काम शोधीत निघालेल्या मनुष्याच्या शेजारची जागा प्रभू रिकामी सोडीत नाही.

आणि जाळी फाटू लागली तेव्हा शिमोनाने दुसऱ्या मचव्यातील सोबत्यांस खुणावले, ते आले. मासे भरपूर असताना सोबती येतात ह्यात नवल नाही, असे कोणी म्हणेल. खरे आहे. परंतु तेच सोबती रिकाम्या रात्रीही त्याच पाण्यावर होते. मंडळीत ज्यांस नोकरी आहे, ज्यांची पुण्यात वा मुंबईत ओळख आहे, त्यांनी आपला मचवा किती दूर नेऊन बांधला आहे हे तपासावे.

वर्षाच्या पहिल्या आदितवारी आम्ही त्या तरुणास जुना प्रश्न विचारला नाही. 'ह्या आठवड्यात जाळे कोठे टाकणार, आणि आम्ही दोर धरावयास येऊ का?' असे विचारले. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग घरी जाऊन एका पिशवीत सारे कागद घेऊन आला. मंडळीच्या बाप्तिस्म्याच्या वहीत त्याचे नाव आणि दाखल्यावरचे नाव जुळत नव्हते. ती वही आमच्याच कपाटात वीस वर्षे पडून होती. बुधवारी आमचे उपदेशक त्याच्याबरोबर तालुक्यास जाणार आहेत. नोकरी अजून लागलेली नाही.