सात्त्विक आहार आणि रक्तदाब

अन्नातील प्रथिने सुमारे वीस अमिनो आम्लांची बनलेली असतात. त्यांतील काहींचा रक्तदाबाशी संबंध दिसू लागल्यापासून एक जुना धार्मिक प्रश्न नव्याने विचारला जातो. शास्त्रांनी सात्त्विक म्हटलेले अन्न शरीरालाही हितकर ठरले, तर त्याने धर्माचे म्हणणे सिद्ध होते काय?

बुऱ्हाणपुरात हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. शनवारा दरवाजा ज्या जुन्या शहराचा, तेथे मराठी घरांतला शनिवारचा उपास, स्वामिनारायण मंदिराचा कांदा-लसूण वर्ज्य असलेला नैवेद्य, कबीरपंथीयांचा शाकाहार आणि दर्गाह-ए-हकीमीला येणाऱ्या दाऊदी बोहऱ्यांचा थाळ, असे सारे एका गावात आहे.

आधी शरीराची बाजू. ‘इंटरमॅप’ अभ्यासात चीन, जपान, ब्रिटन व अमेरिका येथील ४० ते ५९ वयाच्या ४,६८० स्त्री-पुरुषांचा आहार व रक्तदाब नोंदवला होता. त्यावरून २००९ साली असे मांडले गेले की, प्रथिनांत ग्लुटामिक आम्लाचा वाटा जास्त असणाऱ्यांचा रक्तदाब थोडा कमी असतो. वाट्यात पावणेपाच टक्क्यांचा फरक असेल, तर वरचा दाब पाऱ्याच्या दीड ते तीन मिलिमीटरने कमी. वनस्पतिजन्य प्रथिनांत हे आम्ल सुमारे २३ टक्के, प्राणिजन्य प्रथिनांत सुमारे १८ टक्के असते. शेंगदाण्यात आर्जिनिन हे दुसरे अमिनो आम्ल भरपूर. त्यापासून शरीर नायट्रिक ऑक्साइड तयार करते आणि त्याने रक्तवाहिन्या सैलावतात. या वायूचे काम उलगडणाऱ्या फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना १९९८चे नोबेल मिळाले.

तरीही ‘इंटरमॅप’ हे निरीक्षण होते. ग्लुटामिक आम्ल पोळी-डाळीच्या जेवणाची नुसती खूण असेल, दाब उतरण्याचे कारण दुसरेच काही असेल. आर्जिनिन वेगळे काढून हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या रुग्णांना दिले, तेव्हा लाभ दिसला नाही; उलट मृत्यू झाल्यामुळे ती अमेरिकन चाचणी थांबवावी लागली. तिचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले.

आता शास्त्राची बाजू. छांदोग्य उपनिषदात उद्दालक श्वेतकेतूला सांगतो की, खाल्लेल्या अन्नाचा सूक्ष्मतम अंश मन होतो. पटावे म्हणून तो मुलाला पंधरा दिवस केवळ पाण्यावर ठेवतो. मुलाला पाठ असलेले वेद आठवेनासे होतात आणि जेवल्यावर परत आठवतात. याच उपनिषदात पुढे आहारशुद्धीने अंतःकरणशुद्धी सांगितली आहे. तेथे रामानुजपरंपरा ‘आहार’ म्हणजे अन्नच समजते. शंकराचार्य मात्र इंद्रियांनी आत घेतलेले सर्व विषय समजतात. शंकराचार्यांचा अर्थ धरला, तर ताटातील आम्ले मोजून चित्तशुद्धीबद्दल काहीच कळत नाही.

गीतेच्या सतराव्या अध्यायातले वर्गीकरण अधिक उपयोगाचे आहे. तेथे मांसाचे नावही नाही. चव, स्निग्धता, शिळेपणा आणि परिणाम यांवरून अन्नाचे तीन प्रकार केले आहेत. अति खारट अन्न राजस व रोगकारक म्हटले आहे. रक्तदाबापुरता गीता आणि वैद्यक यांचा मेळ बसतो तो येथे, मिठावर. मात्र व्यवहारात हेच विसरले जाते. उपासाची साबुदाणा खिचडी धर्माला चालते. साबुदाण्यात प्रथिन जवळपास नसते, शेंगदाण्याचे कूट तेवढे कामाचे, आणि सोबतचे तळलेले खारट वेफर रक्तदाबाच्या रुग्णाला अपायकारक. बोहरा थाळाची सुरुवात चिमूटभर मीठ चाखून होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या दिवसाला पाच ग्रॅमच्या मर्यादेपुढे ती चिमूट किरकोळ. पापड-लोणच्याने दाब वाढवायचा आणि दोष त्या रीतीला द्यायचा, हा न्याय नव्हे.

सात्त्विकतेचा पुरावा म्हणून अमिनो आम्ले पुढे करणाऱ्यांची खरी अडचण टॉरिन करते. याच कुळातले हे द्रव्य मासळी-मांसात असते, डाळींत जवळजवळ नसते. चीनमधील एका चाचणीत उच्च रक्तदाबाच्या उंबरठ्यावरच्या लोकांनी रोज १.६ ग्रॅम टॉरिन बारा आठवडे घेतले आणि त्यांचा वरचा दाब सुमारे सात मिलिमीटरने उतरला. हे २०१६ साली प्रसिद्ध झाले. मिलिमीटरच प्रमाण मानायचे, तर मासळी सात्त्विक ठरवावी लागेल.

बुऱ्हाणपूरच्या कबीर निर्णय मंदिराची परंपरा येथे उपयोगी पडते. कबीरांच्या ‘बीजक’ ग्रंथावर ‘त्रिज्या’ टीका लिहिणाऱ्या पूरण साहेबांच्या या परंपरेत ‘पारख’ मुख्य: वचन कोणाचेही असो, तपासूनच घ्यायचे. तिथला मांसत्याग जीवदयेवर उभा आहे, प्रकृतीच्या लाभावर नाही. म्हणून टॉरिनची चाचणी त्याला धक्का देत नाही, तसेच ग्लुटामिक आम्लाचा आकडा त्याला आधारही देत नाही. प्राण्याला मारावे की नाही, हे रक्तदाबाचे यंत्र सांगत नाही. उलट, मूत्रपिंड बिघडलेल्या रक्तदाबाच्या रुग्णाला डॉक्टर सात्त्विक डाळही मोजून खायला सांगतात. त्या पथ्याने त्याचे व्रत मोडत नाही.