गुरूनंतरची साधना

गुरूचा सहवास मोजक्या दिवसांचाच असेल, तर शिष्याच्या पदरी नेमके काय पडते? अमरावतीत वैद्य बंधूंनी १९१४ साली स्थापिलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या उन्हाळी वर्गांत हा प्रश्न प्रत्यक्ष उभा राहतो. काही आठवड्यांत लाठीवर हात बसत नाही. तो कोठे चुकतो, एवढे मात्र उमगते. वर्ग संपतो आणि उमगलेला दोष शिष्याबरोबर घरी येतो.

हीच जाणीव केंदो या बांबूच्या तलवारीने खेळल्या जाणाऱ्या जपानी विद्येत नियमरूपाने आढळते. प्रहार अचूक बसला तरी त्यानंतरची सावधता, म्हणजे ‘झान्शिन’, सुटली तर तो ग्राह्य धरला जात नाही. विजयाचे प्रदर्शन केल्यास दिलेला गुणही परत घेतला जातो. प्रहार लागला म्हणून संपत नाही. तसे शिक्षणही शिबिराच्या अखेरच्या नमस्काराने संपत नाही.

भक्तीची कसोटी येथेच लागते. गुरूचे नाव मिरविणे सोपे. त्याने दाखविलेला दोष वर्षभर एकट्याने झिजविणे कठीण. ज्याच्या ठायी आदर हाच साधनेची जागा घेतो, तो शिष्य वंदन करता करताच गुरूला नाकारीत असतो.