हेतूचा रकाना

22 जुलै 2021 रोजी वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं. एका निवृत्त मुख्याध्यापकांच्या तळमजल्यावरच्या कपाटात तेव्हा मराठी नाटकांच्या डीव्हीडी होत्या. पूर ओसरल्यावर गुरुजींनी चिखलातून एकेक डीव्हीडी वेचली, साध्या पाण्यानं धुतली आणि मऊ फडक्यानं मधून कडेकडे पुसली. बहुतेक वाचल्या असं वाटलं. पण काही महिन्यांनी कडेनं डाग दिसू लागले आणि ऐन रंगात आलेल्या प्रवेशात चित्र अडकू लागलं.

गुरुजी त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात गेले.

“अरे, या पार खराब व्हायच्या आत हार्ड डिस्कवर उतरवून दे. मी घरी प्रयत्न केला. फाइल येते, पण लावली की चित्राचे नुसते तुकडे दिसतात.”

“गुरुजी, कंपनीनं कुलूप घातलंय,” दुकानदार म्हणाला. “चित्र विस्कटून भरलेलं असतं. ते जुळवायची किल्ली परवाना घेतलेल्या प्लेअरकडेच असते. फाइल उचलली तरी किल्ली सोबत येत नाही.”

“म्हणजे पैसे मोजून घेतलेली वस्तू मलाच वाचवता येऊ नये? हा कुठला न्याय?”

“हाच प्रश्न नॉर्वेच्या कोर्टात गेला होता. 1999 मध्ये हे कुलूप उघडणारा प्रोग्रॅम बाहेर आला. तो प्रसिद्ध करणारा योन लेक योहानसेन तेव्हा अवघा पंधरा वर्षांचा होता. त्याच्यावर खटला भरला. 2003 मध्ये खालच्या आणि अपिलाच्या अशा दोन्ही कोर्टांनी त्याला निर्दोष सोडलं. विकत घेतलेली डीव्हीडी पाहण्यासाठी ती उघडणं हा गुन्हा नाही, असं ठरलं.”

“मग आता तूही उघड.”

दुकानदारानं टेबलाच्या खणातून एक लांबडी वही काढली. तिच्यात चार रकाने होते : तारीख, नाव, पत्ता आणि हेतू.

“आपल्याकडे 2012 मध्ये कॉपीराइट कायद्यात 65-अ हे कलम आलं. दुसऱ्याचा हक्क बुडवायच्या इराद्यानं असं कुलूप तोडलं, तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. कायद्यानं मनाई न केलेल्या कामासाठी उघडलं, तर हे कलम आड येत नाही. मात्र जो दुसऱ्याला उघडून देतो, त्यानं कोणाला आणि कशासाठी दिलं याची पुरी नोंद ठेवायची. तेवढं आपल्या हातानं लिहा.”

गुरुजींनी वही चाळली. वरच्या एका नोंदीत लिहिलं होतं : ‘अंध मुलांसाठी दृश्यांचं वर्णन भरायचं आहे.’ त्यांनी खाली सुवाच्य अक्षरात लिहिलं : ‘पुरात भिजलेला स्वतःचा संग्रह स्वतःला पाहण्यासाठी जपणे.’ काम झालं.

पंधरा दिवसांनी गुरुजी पुन्हा आले. चेहरा उजळलेला होता.

“छान काम केलंस! आमच्या ज्येष्ठ नागरिक संघातल्या मंडळींना सांगितलं, तर सगळे मागे लागलेत. दहा संच काढ. खर्च माझा. मी कोणाकडून एक पैसा घेणार नाही.”

दुकानदारानं काही न बोलता वही पुढे सरकवली. गुरुजींनी तारीख घातली, नाव घातलं, पत्ता लिहिला. चौथ्या रकान्याशी पेन थांबलं.

“काय लिहू?”

“जे आहे ते लिहा, गुरुजी.”

“पण मी विकत नाहीये रे! फुकट वाटतोय. यात चोरी कसली?”

“गुरुजी, तुम्ही काही घेणार नाही हे मला ठाऊक आहे. पण तुम्ही जे देणार आहात ते कोणाचं आहे? नाटक लिहिणाऱ्याचं, त्यात काम करणाऱ्यांचं, पैसे घालून ते चित्रित करणाऱ्यांचं. तुमच्याकडे आहे ती त्याची एक डीव्हीडी. ती जपायचा हक्क तुमचा, म्हणून मी हात लावला. दहा जणांना वाटायचा हक्क तिच्यासोबत आलेला नाही.”

“आणि बाजारात मिळतच नसेल तर?”

“मग कंपनीला पत्र लिहू. कदाचित ते परवानगी देतील, कदाचित पुन्हा काढतील. उत्तर नाही आलं, तरी परवानगी मिळाली असं आपलं आपण धरून चालायचं नाही.”

दुकानात शिकणाऱ्या मुलाला राहवलं नाही. “पण दादा, कुलूप तेच, प्रोग्रॅम तोच. गेल्या वेळी चाललं, मग आता का नाही?”

उत्तर गुरुजींनी दिलं. “कारण कुलपाला माणूस ओळखता येत नाही, बाळा. जपणाऱ्यालाही ते अडवतं आणि लुबाडणाऱ्यालाही. म्हणून कुलूप घातलंय एवढ्यावरून उघडणारा चोर ठरत नाही. आणि कुलूप उघडता येतं एवढ्यावरून आतलं सगळं आपलं होत नाही. मला वाटलं, पैसे घेत नाही म्हणजे मी स्वच्छ. पण दुसऱ्याच्या कष्टावर मी उदार व्हायला निघालो होतो.”

त्यांनी अर्धवट नोंदीवर आडवी रेघ मारली. त्याच दुपारी कंपनीला पत्र लिहिलं आणि संघातल्या चार मित्रांना निरोप धाडला : रविवारी घरी या, माझ्याकडचं नाटक बसून पाहू. बाकीच्यांना पुढच्या रविवारी.

तात्पर्य : साधनात पाप नसतं आणि पुण्यही नसतं. जे करायला निघालो, त्याचा खरा हेतू नावानिशी चारचौघांत लिहिता येत असेल, तर निःशंक करावं. लिहिताना हात अडखळला, तर तिथेच थांबावं, मग पैसे घेतलेले असोत वा नसोत.